उरेब

शोकसभेत तिसऱ्या वक्त्यांनी सांगितलं,
'मगदूम बाई म्हणजे साधी राहणी.'
मी मागे होतो, दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ.
हसू आलं, ते रुमालात घातलं.
शेजारच्याला वाटलं, रडतोय.

साधी?
चाळीस वर्षं बाईंचे ब्लाउज शिवलेत मी.

हरभट रोडला दुकान.
पडद्याआड अम्मी माप घ्यायची,
आकडे मोठ्यानं सांगायची,
बाहेर बसून मी वहीत लिहायचो.
अकरा वर्षांचा होतो तेव्हाचं पान:
शरयू मगदूम, कॉलेज. बाही साडेनऊ.

तीन वर्षांनी पुण्याहून प्रबंध घेऊन परतल्या.
अम्मी पडद्याआड बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, 'लिख बेटा. बाही…
नाही.'
मी तसंच लिहिलं. बाही: नाही.
त्या महिन्यात सांगलीला दुसरा विषय नव्हता.

आयर्विन पुलावरून आकाशी लॅम्ब्रेटा जायची,
पदर कमरेला खोचलेला, डोळ्यांवर गॉगल,
मागे दोरीनं बांधलेली मोडीची दफ्तरं.
हळदीच्या पेठेतले हमाल वाट द्यायचे
आणि मग एकमेकांकडे बघायचे.
लग्नाचं विचारायला येणारे यायचे, पुढे थांबले.
बाई कुणासाठी थांबल्या नाहीत
हे मी खात्रीनं सांगतो.
ट्रायललासुद्धा थांबायच्या नाहीत.

एकदा कटिंगच्या टेबलावरची खडूची पूड फुंकून
त्यांनी कागद पसरला.
'यासीन, कुण्या सरदारीणबाईंच्या कापडखर्चाची ही यादी.
सगळे वाचतात 'उरेद'. असा शब्दच नाही.
दोन वर्षं अडलेय मी इथे.'
मला मोडी कुठली येते?
विचारलं, त्याच्यापुढे काय लिहिलंय?
'चोळीस कापड अधिक लागले.'
म्हटलं, मग उरेब असेल बाई.
उभं नाही, आडवं नाही, तिरकं कापायचं.
कापड जास्त जातं, सासवा कुरकुरतात,
पण अंगावर बसतं ते असं…
बाईंनी गॉगल काढला.
'पुन्हा सांग.'

पुस्तक आलं. पान दोनशे बारा, तळटीप:
हा अर्थ श्री. यासीन मुजावर, शिंपी, सांगली, यांचा.
मला श्री. लावणारं तोवर कुणी नव्हतं,
लाइटबिल सोडून.

मिरजेच्या ऑपरेशननंतर माप शमीमनं घेतलं.
अम्मी तेव्हा नव्हती.
शमीमला आकडा सांगता येईना.
बाईच आतून बोलल्या,
'यासीन, डावीकडे टक्स नकोत. सपाट शिव.
आणि आत काही भरू नकोस.
मजकूर गळाला तर मी मनचा घालत नाही,
जागा कोरी ठेवते.'
थोडं थांबून,
'रंग मात्र राणी हवा.'

महापुरात वही भिजली.
गावातल्या सगळ्या बायकांची निळी शाई
एकमेकींत गेली.
कुणाचा गळा, कुणाची कंबर, काही कळेना.
पोरवयात पेन्सिलीनं लिहिलेलं तेवढं राहिलं.
बाही: नाही.

पाचव्या वक्त्यांनी बाईंना
'सरस्वतीची उपासिका' म्हटलं.
सहावे स्वतःच्याच पुस्तकाविषयी बोलले.
मला कुणी बोलायला सांगितलं नाही,
सांगितलं असतं तरी काय सांगणार,
वही वाचून दाखवणार?

फुलं वाहायला रांगेतून पुढे गेलो.
फोटो गळ्यापासून वर कापून लावलेला.
चष्मा, पिकलेले आखूड केस, हार.
जवळून पाहिलं तेव्हा दिसली,
चौकटीच्या खालच्या कडेला, फ्रेमवाल्याच्या नजरेतून सुटलेली,
राणी रंगाची बोटभर रेघ.
गळ्याचं पायपिंग.

ती पट्टी उरेबच कापावी लागते.